जॉर्ज पंचमच्या पेनी: झीज कुठली, कच्चा ठसा कुठला

नौपाड्यातल्या काकूंकडून आलेला डबा अखेर लावून झाला. त्यांचे सासरे मालवाहू बोटीवर होते. विलायतेच्या फेऱ्यांतून खिशात उरलेली चिल्लर घरी आली की या डब्यात पडायची. बहुतेक पेनी, थोड्या अर्ध्या पेनी, मूठभर शिलिंग आणि एक हाफ क्राउन, म्हणजे अडीच शिलिंगचं नाणं. डबा देताना काकू म्हणाल्या, "चिंच-मीठ लावून लख्ख करून देऊ का रे?" म्हटलं, "काकू, एकालाही हात लावू नका." ब्राँझवरचा तपकिरी थर एकदा गेला की गेला, आणि त्याच्याबरोबर किंमतही. शिवाय 1944 ते 1946 च्या पेनी रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीनेच, मुद्दाम काळपट करून सोडल्या होत्या. तो काळेपणा मळ समजून घासणं म्हणजे नाण्याचा मूळ रंगच पुसणं.

वर्षवार लावणं सोपं गेलं. ब्राँझ पेनी 1860 पासूनची, 9.45 ग्रॅम, 30.8 मिलिमीटर. अंबाडा घातलेली तरुण व्हिक्टोरिया 1894 पर्यंत, तिच्या मागच्या बाजूला ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या शिरस्त्राणधारी स्त्रीच्या, डावीकडे दीपगृह आणि उजवीकडे गलबत. 1895 पासून राणी वृद्ध, डोक्यावरून पदर घेतलेली. दीपगृह आणि गलबत गायब होतात, आणि नाण्यावरच्या अक्षरांत 'इंड इम्प' येतं, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. हे बिरुद 1948 च्या नाण्यांवरही आहे, 1949 च्या नाण्यांवर नाही. साल पुसलेलं नाणं हातात आलं तरी एवढ्यावर काळ बराच पक्का करता येतो. 1902 ची एक पेनी आहे, पण समुद्राची रेघ नेहमीच्या जागी, 'लो टाइड' (ती रेघ खाली असलेला प्रकार) नाही. आणि मंडळी, 1933 ची पेनी डब्यात आहे का, असं दोघा-तिघांनी विचारलं. जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यातली नौपाड्यात नाही.

खरा वेळ गेला तो जॉर्ज पंचमवर. शिल्पकार मॅकेनलने केलेला राजाचा मुखवटा मोठा आणि उठावदार. एकाच दाबात धातू त्या चेहऱ्यात ओढला जायचा आणि मागच्या बाजूला ब्रिटानियासाठी पुरत नसे; हाच कच्चा ठसा. त्यामुळे मागे ब्रिटानियाच्या अंगावरून राजाच्या डोक्याची पुसट बाह्यरेषा दिसते, आणि तिचा चेहरा, शिरस्त्राण, छाती सपाट. 1928 मध्ये मुखवटा लहान केला तेव्हा हे थांबलं. मधल्या वर्षांतलं नाणं ब्रिटानियाकडे बघून तोललं तर चांगलं नाणंही 'फाइन' या झिजलेल्या नाण्यांच्या प्रतीत जाऊन पडतं. म्हणून मी आधी राजाकडे बघतो: कानावरचे केस, भुवई, मिशी. मग टेबललॅम्प अगदी आडवा ठेवून दहापट भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवतो. झिजलेला भाग गुळगुळीत आणि वेगळ्या छटेचा दिसतो. कच्च्या ठशाचा भाग सपाट असला तरी त्याच्यावरून मूळ चकाकी सरकत जाते. 1919 ची एक पेनी अशी निघाली की ब्रिटानियाला नाक-डोळे नाहीत, पण राजाच्या मिशीचा केस न् केस सुटा आणि अक्षरांच्या कुशीत तांबूस चमक. मी तिला निःसंकोच 'फाइन'च्या वरच्या 'व्हेरी फाइन' प्रतीच्याही वर ठेवली.

याच काळात रॉयल मिंटला मागणी पुरी पडेना म्हणून बर्मिंगहॅमकडे काम गेलं. सालाच्या डावीकडे बारीक 'एच' असेल तर हीटनची टांकसाळ, वर्षं 1912, 1918 आणि 1919. 'के एन' असेल तर किंग्ज नॉर्टन, फक्त 1918 आणि 1919. 'के एन' जास्त दुर्मीळ. बिनचिन्हाची पेनी असल्याचं ठरवण्याआधी ती जागा भिंगातून बघाच, कारण झिजेत ही अक्षरं सगळ्यात आधी मळात बुडतात.

हाफ क्राउनचं साल पार गेलेलं, पण राजा जॉर्ज पंचम. 1919 पर्यंत चांदी 92.5 टक्के, 1920 पासून 50 टक्के, वजन मात्र तेच 14.14 ग्रॅम, त्यामुळे नुसत्या काट्यावर फरक कळत नाही. जांभळी नाक्याजवळच्या एका सराफांनी कसावर घासून बघू म्हटलं; मी नम्रपणे नको म्हटलं. घरी शतांश ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि नाणं दोऱ्याने बुडवून, तळाला न टेकवता अधांतरी धरलं. कोरडं वजन 13.62, बुडवल्यावर काटा 1.32 ने चढला. भागाकार, म्हणजे घनता, 10.3. पन्नास टक्क्यांच्या चांदीला तो पावणेदहाच्याही खाली आला असता. म्हणजे 1911 ते 1919 मधलं, अस्सल स्टर्लिंग, म्हणजे 92.5 टक्के चांदीचं.

आता साठवण. ठाण्याच्या पावसाळ्यात ब्राँझ कळकायला वेळ लागत नाही. मऊ पीव्हीसीची पाकिटं सगळी काढून टाकली, कारण त्यांचा चिकट हिरवा थर नाण्यावर उतरतो. ज्यांच्यावर तो होता ती ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता वाळवली. बाकी सगळं मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या) होल्डरमध्ये, डब्यात सिलिका जेल, आणि जेलने रंग बदलला की लगेच नवं.

1918 ची 'के एन' पेनी अजून मिळालेली नाही. कुणाकडे जास्तीची असेल, झिजलेली चालेल पण अक्षरं वाचता यायला हवीत, तर अदलाबदलीसाठी माझ्याकडे 1912 ची 'एच' आहे, राजाची बाजू फार देखणी.