लस्केंटायरचा किनारा, ट्वीडच्या तुकड्यांत

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या ऊइगहून बोटीनं हॅरिसला यायचं, टार्बर्टला उतरायचं आणि दक्षिणेची वाट धरायची. थोड्या वेळानं उजव्या हाताला लस्केंटायर दिसतं. शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे वाळू पांढरीशुभ्र, पाणी हिरवट-निळं, समोर टॅरन्से बेट. फोटो पाहून घरचे विचारतात, "मालदीवला कधी गेलीस?" पाण्यात पाय घालून बघा म्हणावं, ऐन जुलैतसुद्धा!

ग्लासगोत राहायला आल्यापासून या किनाऱ्याचं वेड लागलंय. तो कापडात उतरवायचं डोक्यात आलं ते मात्र हॅरिस ट्वीड या इथल्या लोकरी कापडामुळे. हे कापड आउटर हेब्रिडीजमधल्या, म्हणजे हॅरिस ज्या बेटांच्या रांगेत आहे तिथल्या, माणसांनी आपापल्या घरीच विणायचं, आणि लोकर रंगवण्यापासून शेवटच्या धुलाईपर्यंत सगळं याच बेटांवर व्हायला हवं, असा 1993चा खास कायदाच आहे. रंगवणं, कातणं, धुणं गिरणीत होतं. माग मात्र विणकराच्या शेडमध्ये, वीज न लावता पायांनी चालवायचा. गावातून जाताना त्याची खटखट ऐकू येते. रविवारी नाही, इथं रविवार कडक पाळतात.

खरी गंमत सुतात आहे. लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळे रंग एकत्र पिंजून सूत काततात. लांबून करडा दिसणारा तुकडा घ्या, एक धागा उसवून खिडकीशी धरा. त्यात निळा असतो, शेवाळी असतो, मधेच एखादा तंतू चक्क नारिंगी. इथले खडकही तसेच. तीन अब्ज वर्षांच्या आसपास वयाचे, लांबून नुसते राखी, जवळ गेलं की गुलाबी पट्टे आणि वर दगडफुलाचे डाग. पूर्वी हेच दगडफूल खरवडून, लोकरीबरोबर थरावर थर रचून तासन् तास उकळायचे. तांबूस तपकिरी रंग यायचा. कोळी मात्र त्या रंगाचे मोजे घालत नसत. खडकावरून आलेलं खडकाकडेच ओढ घेतं, असा समज.

म्हणून मी चित्र आधी काढलंच नाही. दुकानात मिळणारे ट्वीडचे उरलेसुरले तुकडे जमिनीवर पसरले आणि नुसते सरकवत बसले. वाळूसाठी पांढरा नकोच होता. ओटाच्या पिठासारखा, किंचित पिवळसर लागला. ओल्या वाळूला करडा-जांभळा. माखेर, म्हणजे किनाऱ्यामागची वाळूवरची गवताळ जमीन, उन्हाळ्यात फुलांनी भरून जाते, तिला पिवळे ठिपके असलेला हिरवा. तुकडे दुमडून शिवले तर जाड गाठोडं होतं, त्यामुळे कडा उघड्याच ठेवल्या, एकावर एक चढवल्या. खाली अस्तर आईच्या जुन्या सुती साडीचं आणि वरून गोधडीचा धावदोरा. सुती साड्यांतून सुई लोण्यासारखी जाते, इथं अंगुस्तान घातल्याशिवाय हलत नाही. पण ओहोटीनंतर वाळूवर ज्या बारीक वळ्या उरतात, त्या धावदोऱ्यानं जशा येतात तशा कुठल्याही रंगानं येणार नाहीत, यावर मी ठाम आहे.

पर्यटकांसाठीच्या दुकानांत ट्वीडचे तयार देखावे मिळतात. एक होडी, एक पांढरं घर, एक लाल चोचीचा पफिन पक्षी. गोड असतात, पण लस्केंटायरला उभं राहिलं की डोळ्यांत भरतो तो रिकामेपणा, आणि त्यात पफिन कुठं बसवणार?

शेजारी राहणाऱ्या, हॅरिसला लागूनच असलेल्या लुईसकडच्या आजींना दाखवलं. बराच वेळ बोटानं चाचपून म्हणाल्या, "छान आहे गं, पण पाऊस कुठंय?"

अडलंय ते पाण्याशी. ट्वीड उजेड पिऊन टाकतं, चमकत नाही. साडीची जर लावून पाहिली तर समुद्र लग्नाला निघाल्यासारखा दिसायला लागला, काढून टाकली. आता रेशमाचा एकेरी धागा घेऊन बसलेय. कुणाला याहून बरं काही सुचत असेल तर कळवा.