काढा नव्हे, स्वरस

गेल्या पावसाळ्यात मला फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा गंभीर प्रकार, झाला, तेव्हा डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. एका वेळी चार, तीन दिवसांत सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी दुधाबरोबर किंवा तुपातल्या खाण्याबरोबर, कारण पोटात काही स्निग्ध नसेल तर त्यातील ल्युमेफॅन्ट्रिन अंगी लागत नाही. गोळीतले दुसरे औषध आर्टेमेथर. ताप उतरल्यावर त्याच्या उगमाविषयी जे वाचले, ते येथे लिहितो.

व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक जायबंदी होत होते आणि क्लोरोक्विन निष्प्रभ ठरू लागले होते. उत्तर व्हिएतनामने मदत मागितल्यावर चीनने 23 मे 1967 रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू केला आणि त्याच तारखेवरून त्याला 523 हे नाव पडले. पारंपरिक वनस्पतींपैकी चांगशान ही मलेरियावर खरोखर चालत असे, परंतु तिने होणाऱ्या उलट्या रुग्णाला सोसवत नसत. 1969 मध्ये बीजिंगच्या पारंपरिक चिनी वैद्यक अकादमीतील तू यूयू यांच्याकडे संशोधनाची एक बाजू सोपवण्यात आली. त्यांनी जुने ग्रंथ चाळून आणि वैद्यांना भेटून औषधांचे दोन हजारांहून अधिक पाठ (म्हणजे कृती) जमवले, त्यांतील 640 निवडून एक पुस्तिका केली आणि सुमारे 200 वनस्पतींचे 380 हून अधिक अर्क उंदरांवर तपासले.

छिंगहाव या वनस्पतीने सुरुवातीला चांगला गुण दाखवला, पण पुढच्या खेपांना तो टिकेना. मग तू पुन्हा जुन्या ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या संकटकाळच्या औषधांच्या ग्रंथात असा पाठ आहे की, मूठभर छिंगहाव पाण्यात भिजत घालावा, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. यात उकळण्याचा उल्लेखच नाही. आपल्याकडे वनौषधी म्हटले की प्रथम काढा आठवतो. परंतु आयुर्वेदाने स्वरस (पिळून काढलेला रस), कल्क (वाटून केलेला गोळा), क्वाथ (काढा), हिम (थंड पाण्यात भिजवलेले) आणि फांट (गरम पाण्यात भिजवलेले) या पाच कल्पना, म्हणजे औषध बनवण्याच्या पद्धती, वेगवेगळ्या सांगितल्या आहेत, त्या काही उगाच नव्हेत. उष्णतेने गुण नाहीसा होत असावा, असा तर्क करून तू यांनी सुमारे 35 अंशांना उकळणाऱ्या ईथरने पानांचा अर्क काढला आणि त्यातला विषारी आम्ल भाग वेगळा केला. 191 क्रमांकाचा हा नमुना 4 ऑक्टोबर 1971 रोजी उंदरांमधील परजीवींवर शंभर टक्के परिणामकारक ठरला. पुढे मोठ्या प्रमाणावर अर्क काढण्यासाठी घरगुती पाण्याचे रांजण वापरावे लागले. 1972 मध्ये तू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेतला, मग हायनान बेटावर रुग्णांना दिला, आणि त्याच वर्षी स्फटिकरूप आर्टेमिसिनिन हाती आले; माझ्या गोळीतले आर्टेमेथर याच्यापासूनच बनते. आर्टेमिसिनिनच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात; परजीवी रक्तातील हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा सुटणाऱ्या लोहामुळे हा पूल तुटतो आणि त्यातून निर्माण झालेले अतिक्रियाशील कण परजीवीलाच मारतात.

2015 मध्ये तू यांना नोबेल मिळाले तेव्हा एकाच व्यक्तीचे नाव झाले, हे मला थोडे खटकते, कारण चीनच्या युन्नान आणि शानतुंग प्रांतांतील गटांनीही हा पदार्थ वेगळा केला होता.

सर्वांत गमतीचा गोंधळ नावाचा आहे. छिंगहाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती एकाहून अधिक. त्यांतील आर्टेमिसिया ॲनुआमध्येच आर्टेमिसिनिन भरपूर असते, तेही मुख्यतः पानांत. ग्रंथाने वाट दाखवली, पण नेमकी वनस्पती आणि नेमका भाग ठरवला तो चाचणीनेच.

आमच्या खिडकीत दवण्याची कुंडी आहे. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणाही आर्टेमिसियाचीच एक जात. मी आजारी असताना शेजारच्या काकांनी त्याचा काढा घेण्याचा आग्रह धरला होता. आता त्यांना ही सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ते क्षणभर थांबून म्हणाले, "मग स्वरस घेऊन पाहायचा का?"