हरेगावच्या वाटेवर

हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मरियेच्या यात्रेला पायी निघालो होतो, आणि पालखीच्या टेम्पोवरचा भोंगा नेमका आमच्या कानाशी. दहा 'नमो मरिया' संपतात न संपतात तोच माईकवाल्या काकांचं 'लाइनीत चला, लाइनीत चला' सुरू. नगर अजून पुरतं मागे पडलं नव्हतं आणि मी वैतागले होते. गुरुवार होता, म्हणजे जपमाळेत प्रकाशाची रहस्यं, येशूच्या आयुष्यातले पाच प्रसंग. ही पाच 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत घातली. आई ती म्हणताना अजून अडखळते, आणि अडखळली की माझ्याकडे बघते, जणू मीच घातली. नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे असे, की तोंडात मरिया आणि डोळे जमिनीवर. कृषी विद्यापीठ गेलं, राहुरी गेली. मुक्काम कुठल्या शाळेत पडला तेही आता नीट आठवत नाही.

शुक्रवारी देवळाली प्रवराच्या पुढे डाव्या टाचेचा फोड टरारून फुगला. दुःखाची रहस्यं चालली होती. चौथ्यात येशू क्रूस खांद्यावर घेऊन चालतो. मला माझ्या टाचेपलीकडे काही दिसत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. मी मागे पडले. मंडळातल्या एक मावशी सोबतीला थांबल्या.

उसाच्या कडेला पत्र्याची खोपी, दारात दोन शेळ्या. म्हातारीने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, थेट पायाकडे.

"बस हितं. चप्पल काढ."

तिने सुई चुलीच्या जाळावर धरली, पदराने पुसली, काळा दोरा खोबरेलात बुडवून ओवला. फोडाच्या एका अंगाने सुई घातली, दुसऱ्या अंगाने काढली. मी ओठ चावून बसले होते, पण दुखलं नाहीच. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून तिने तो दातांनी तोडला. दोऱ्यावरून पाणी थेंबथेंब उतरायला लागलं.

"दोरा आसाच ऱ्हाऊ दे. पानी आपुआप निघून जाईन. कातडं सोलू नको. आमची मानसं आळंदीवरून निघायची, तवा म्या लई पाय शिवलेत."

मग चहा आला, आलं ठेचून घातलेला. मावशींनी मला कोपर मारलं. पुढच्या मळ्यात मंडप होता, साडेचारला मिस्सा, म्हणजे आमची ख्रिस्तप्रसादाची उपासना, आणि चार तर वाजलेच होते. "तास धरायचाय ना, गं?" ख्रिस्तप्रसादाआधी, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर घेण्याआधी, उपास असतो: एकेकाळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब चालत नसे, 1964 पासून एक तासावर आलं. तो तासही ख्रिस्तप्रसाद घेईपर्यंतचा, मिस्सा सुरू होईपर्यंतचा नव्हे, आणि आमच्या फादरांचा उपदेशच अर्धा तास चालतो. मी चहा प्यायले. मावशींनी नाही घेतला. म्हातारीने त्यांचा कप उचलून स्वतः पिऊन टाकला.

निघताना म्हणाली, "येताना तुमच्या मतमाउलीचा परसाद आन मला."

"आणते, आई," म्हटलं खरं. चालायला लागल्यावर ते डाचायला लागलं. आम्ही जो घेतो तो पुडीत बांधून कुणाला नेता येत नाही. फादरांसमोरच तोंडात घालायचा, आणि तोही बाप्तिस्मा झालेल्याने. नियम मला लहानपणापासून पाठ आहे, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात सिस्टरनी घोकून घेतला होता. पण जिने पाय शिवला ती रस्त्यापलीकडे शेळ्या बांधणार आणि मी रांगेत उभी राहणार. मला राग आला. कुणाचा, ते सांगता आलं नसतं.

मंडपात, प्रभू माझ्या घरी येण्याची माझी योग्यता नाही, तू शब्द मात्र बोल, इथे सगळे एका सुरात पुढे गेले आणि मी मागेच राहिले. माणसं धरली होती त्याहून जास्त निघाली. फादर एकेका भाकरीचे चार तुकडे करायला लागले. माझ्या तळहातावर नखाएवढी कपची आली. "ख्रिस्ताचे शरीर." "आमेन." ती टाळूला चिकटली. जिभेवर आल्याचा झणका अजून होता.

श्रीरामपूर रात्रीच ओलांडलं. हरेगावला ही यात्रा 1949 पासून भरते, आणि शनिवारी दुपारी वाटलं, तेव्हापासूनची सगळीच माणसं अजून रांगेत आहेत. संत तेरेजा चर्चच्या आवारात कुणीतरी नेमका त्या टाचेवर पाय दिला. मी मतमाउलीसमोर उभी राहून शिवी गिळली. मागायचं ठरवून आणलेलं एक गाऱ्हाणं होतं, ते त्यात राहूनच गेलं. मेणबत्ती लावली. बाहेर येऊन रेवड्यांची पुडी घेतली, परत आत घुसून ती तिच्या पायांशी टेकवून आणली. आवरायला उभ्या असलेल्या सिस्टरनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

परतीच्या जीपवाल्याला मी बेलापूरपासून सांगत होते, 'उसाजवळ थांब.' आता तिथे सगळाच ऊस. खोपी मागे पडल्यावर ओरडले तेव्हा कुठे थांबला. तेवढं अंतर लंगडत, त्याचा उद्धार करत मागे गेले. दारात फक्त नातू होता, सात-आठ वर्षांचा. पुडी हातात पडताच त्याने ती फोडली.

"आजीला ठेव रे, तिच्यासाठी आणलाय."

"ती शेळ्या घिऊन गेली," तो कडाकडा चावत म्हणाला. "आन् तिला कुटं दात हायेत?"

"दोरा तर दातांनीच तोडला होता की तिनं."

त्याने जरा विचार केला. मग दोन रेवड्या पुडीत परत टाकल्या.