तुम्ही विचारलंत म्हणून: चार फुटी टँकमध्ये सिक्लिड किती?

"चार फुटी टँक आहे, सिक्लिड किती टाकू? आणि पाणी कधी बदलू?" सिक्लिड म्हणजे हद्दीसाठी भांडणाऱ्या माशांचं एक मोठं कुळ, घरच्या टँकमध्ये आवडीने पाळलं जाणारं. हे दोन्ही प्रश्न बहुतेक एकाच दमात येतात, ते बरंच आहे. कारण पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याचं उत्तर ठरतं.

आधी सिक्लिड कोणते ते सांगा. ऑस्कर हा मोठा सिक्लिड असेल तर एकच. तो फूटभर वाढतो आणि घाणही तशीच करतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले एम्बुना, म्हणजे खडकांत राहणारे छोटे सिक्लिड, असतील तर त्याच टँकमध्ये वीस. 'इंचाला एक गॅलन', म्हणजे माशाच्या दर इंच लांबीला एक गॅलन पाणी, हा हिशेब इथे विसरा. दहा इंची एक मासा म्हणजे एक इंची दहा मासे नव्हेत.

48 बाय 18 बाय 18 इंचांचा टँक कागदावर 255 लिटरचा असतो. दगड, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की साधारण 200 लिटर उरतात. औषधाचा डोस या आकड्यावर काढायचा.

एम्बुना दाटीने ठेवतात ते मुद्दाम. सहाच ठेवले तर दांडगा नर एकालाच हेरतो, आणि तो बिचारा फाटक्या परांनिशी वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या आडोशाला लटकून राहतो. वीस असले की मार वाटला जातो. एका नरामागे किमान तीन माद्या हव्यात. डेमासनी या एम्बुनाच्या जातीचा गट बाराच्या खाली नको. नवे मासे गटाने सोडा आणि सोडण्याआधी दगडांची जागा बदला, म्हणजे जुन्या मालकांच्या हद्दी मोडतात.

या दाटीची किंमत पाण्यात मोजावी लागते. माशांच्या घाणीतून शेवटी नायट्रेट तयार होतं आणि पाण्यात साठत जातं. समजा आठवड्यात ते 20 पीपीएमने (लिटरमागे 20 मिलिग्रॅमने) वाढतं. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललंत तर बदलण्याआधीचा आकडा 40 वर स्थिरावतो. पाव बदललंत तर 80 वर. आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा, इतकं सोपं गणित आहे. नळाच्या पाण्यातच नायट्रेट असेल तर तेवढं वर मिळवा. वीस एम्बुनांना दर आठवड्याला 40 ते 50 टक्के बदल लागतो तो यामुळे. उडालेल्या पाण्याची भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफेबरोबर नायट्रेट जात नाही, क्षारही जात नाहीत.

"पाणी बदललं आणि मासे मेले" ही तक्रार खोटी नसते, पण दोष बदलाचा नसतो. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टँकमध्ये फिल्टरमधले, माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू पाण्यातली क्षारता (आम्लाला थोपवणारे क्षार) खात राहतात, ती संपली की पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं. साडेसहाच्या आसपास जिवाणूही मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो, मात्र कमी पीएचला तो बहुतांश अमोनियम या जवळपास निरुपद्रवी रूपात असतो. अशात एकदम निम्मं ताजं पाणी ओतलं की पीएच चढतो. पीएच एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी हिस्सा जवळजवळ दहापट होतो. असा टँक हाती आला तर अमोनिया आणि पीएच तपासत रोज दहा टक्केच बदला, आणि तेवढे दिवस खाणं जवळपास बंद ठेवा.

बदलताना हीटर आणि फिल्टर आधी बंद करा. पाण्याबाहेर उघडा पडलेला हीटर तडकतो. सायफन दगडांच्या मागे फिरवा, विष्ठा तिथे साचते. नवं पाणी तापमानात दोन अंशांच्या आत जुळवा. पाईप थेट टँकमध्ये सोडत असाल तर अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) आधी आणि पूर्ण टँकच्या हिशेबाने घाला, बादलीने भरत असाल तर बादलीपुरतं. पाणी रात्रभर ठेवून क्लोरीन जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) जात नाही. फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धरू नका, आणि शक्यतो मोठ्या बदलाच्या दिवशी तो धुऊच नका.

हे सगळं करूनही नायट्रेट चढत असेल तर मासे कमी करायच्या आधी खाणं मोजा. एम्बुना शेवाळ खरवडून जगणारे मासे, समोर माणूस दिसला की भुकेचं नाटक करतात. मिनिटभरात संपेल एवढंच, दिवसातून दोनदा.