नीरेच्या दोन्ही तीरांनी

माऊलींच्या पालखीची वाट दिवे घाट चढली की नीरेच्या खोऱ्यात शिरते आणि पार माळशिरसच्या पुढं जाईपर्यंत त्यातून बाहेर पडत नाही. घाटाच्या अलीकडं पडलेला पाऊस मुळा-मुठेला जातो, पलीकडचा कऱ्हेला. कऱ्हा सासवड, जेजुरी, बारामती करत सोनगावपाशी नीरेला मिळते. हे मी शाळेत वर्षानुवर्षं निळ्या खडूनं फळ्यावर काढलं. निवृत्त झाल्यावर नणंदेनं तिच्या दिंडीत माझं नाव घातलं, आणि फळ्यावरच्या त्या रेघेत किती माणसं राहतात ते चालताना कळत गेलं.

दिंडी माणदेशाकडची. रथाच्या पुढं चालतात त्या मानाच्या २७ दिंड्या. आमची रथामागची, गर्दीत सगळ्यात शेवटी तळावर पोचणारी. माझ्या शेजारी पथारी टाकणाऱ्या आक्कांची दोन्ही मुलं गलाईच्या धंद्यात, एक कोइमतूरला. खानापूर-आटपाडी-माणकडच्या किती घरांतली माणसं सोनं-चांदी गाळायला दक्षिणेत जाऊन बसली आहेत, हे त्या भागात वेगळं सांगावं लागत नाही. आक्कांना मी सुरुवातीलाच विचारलं, की तुम्हाला वारीत काय आवडतं? त्या म्हणाल्या, "चालता चालता दुसऱ्याची रानं बघाया मिळत्यात." आणि खरंच, सगळी वाट त्या रानंच बघत होत्या. टाळ हातात, तोंडानं हरिपाठ आणि नजर बांधावर.

सासवडपर्यंत बघण्यासारखं होतंच. पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं सगळ्यांना माहीत आहेत, पण इथली जमीन काही नदीकाठची काळी माती नव्हे. मुरमाड उतार, विहिरीचं पाणी आणि मोजूनमापून केलेली बागायत. हे कसब प्रामुख्यानं माळ्यांचं. सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊन आम्ही कऱ्हेच्या काठी आलो, तेव्हा नदीत पाणी बेताचंच होतं, तरी शेजारी वाफे हिरवे होते. या माळ्यांची गाठ पुढं पुन्हा पडणार होती, शंभरावर किलोमीटरनं.

जेजुरीला जाताना उजव्या हाताला पुरंदरची डोंगररांग. तिच्या अलीकडं कऱ्हा, पलीकडं खुद्द नीरा. त्याच रांगेच्या पायथ्याशी भिवडी, उमाजी नाईकांचं गाव. रामोशी समाजाकडं पिढ्यान् पिढ्या किल्ल्याची आणि गावाची राखण होती. पेशवाई बुडाली तशी ती गेली, वतनं गेली, आणि उमाजींनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी झाली. आज आपण चालतो ती शिस्तीची वारी, म्हणजे रथ, घोडे, दिंड्यांचे क्रम, तळ, त्याच सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. ते मूळचे साताऱ्याजवळच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. म्हणजे एकाच काळात एक माणूस या डोंगरातून बंड करत होता आणि दुसरा याच डोंगराखालून माऊलींच्या पादुका नेत होता. धडे लिहिणारे या दोघांना कधी शेजारी बसवत नाहीत. मीही वर्गात बसवलं नव्हतं.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात. विठोबाच्या वाटेवर खंडोबाचा एक मुक्काम असणं मला फार शहाणपणाचं वाटतं. खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा लिंगायत वाण्याची आणि बाणाई धनगराची. म्हणजे पेठ आणि माळरान दोन्ही देवाच्या घरात नांदतात. आषाढात धनगरही आपल्या मुलखात असतात. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाल्ह्याच्या पुढं एका माळावर मेंढरांचा वाडा बसलेला दिसला. घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलेलं, कोकरं जाळीखाली. दिंडी बघायला आलेल्या म्हाताऱ्यानं आम्हाला विचारलं, "वर पाऊस कसा हाय?" वर म्हणजे भोरकडं. त्याला आमच्या गावचं, नावाचं काही नको होतं.

कारण इथला सगळा हिशोब वरचाच. नीरा भोर तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते. तिथं पाऊस धो धो, आणि पुढं पूर्वेला फलटणपर्यंत यावं तर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मधल्या दोन-तीन मुक्कामांत छत्री पिशवीच्या तळाशी जाते आणि डोक्यावर पदर येतो. पर्जन्यछायेचा प्रदेश कसा असतो हे पायांना इतकं नीट कळतं, की नकाशाची गरज उरत नाही.

नीरा गावाजवळ दत्तघाटावर पादुकांना स्नान घालतात. गर्दी अशी की पाणी दिसत नाही, फक्त भगव्या पताका आणि डोकी. आक्कांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "सोडलेलं हाय का वाहतंय?" प्रश्न अगदी बरोबर होता. भाटघर, वीर, नीरा देवघर, गुंजवणी अशा धरणांमागे या खोऱ्याचं पाणी अडवलेलं आहे; खाली नदीत किती यायचं ते दारं ठरवतात. सुरुवात दुष्काळानं झाली. १८७६ ते ७८च्या मोठ्या दुष्काळात हजारो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, माती उपसत होती, आणि त्याच काळात नीरेच्या डाव्या कालव्याचं काम हाती घेतलं गेलं. १८८५च्या सुमारास पाणी सुटलं. भाटघरचं आजचं मोठं धरण १९२०च्या दशकातलं, आणि मग उजवा कालवा फलटण-माळशिरसकडं गेला. खोदणाऱ्यांत कोण होते? ज्यांच्या शेतात काही उगवलं नव्हतं ते. पाणी मिळालं त्यांच्यापैकी कितीजणांना, हा प्रश्न मी मुलांना कधी घातला नाही.

पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि पाडेगावला सातारा जिल्हा पालखीचं स्वागत करतो. गर्दीत कुणाचं लक्ष जात नाही, पण इथंच १९३२ पासूनचं ऊस संशोधन केंद्र आहे. सगळ्या महाराष्ट्रानं लावलेलं ८६०३२ हे वाण इथूनच शेतकऱ्यांपर्यंत आलं, आणि त्याला नाव दिलं 'नीरा'. ज्या नदीनं ऊस वाढवला तिचंच नाव उसाला. आक्कांना मी हे कौतुकानं सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "पानी किती पितोय?"

लोणंदच्या तळावर समाजआरती पाहिली. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती मात्र टाळ थांबवत नाही, चोपदार तिच्यापाशी जाईपर्यंत वाजवत राहते. त्या संध्याकाळी एका दिंडीनं असेच टाळ चालू ठेवले. गाऱ्हाणं काय, तर टँकर आला नव्हता. पुढच्या पाच-दहा मिनिटांत त्याची व्यवस्था लागली. तक्रार नोंदवायची इतकी सरळ पद्धत मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिली नाही.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. घोडे दौडत गेले तसे लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी थांबते.

तरडगाव ते फलटण मला सगळ्यात जड गेलं. रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे, चांगला रुंद, आणि रुंद होताना जुने वड गेले. नवी झाडं लावली आहेत, ती गुडघ्याएवढी. वारीसाठी बांधलेल्या वाटेवर वारकऱ्याला सावली नसावी हे काही मला पटत नाही, कुणी कितीही फायदे सांगोत.

फलटण हे मात्र निवांत बघायचं गाव, आणि वारीत तेवढाच निवांतपणा नसतो. निंबाळकरांचं संस्थान, शिवरायांच्या सईबाईंचं माहेर, बाणगंगेच्या काठचं. विमानतळाच्या मैदानावर आमचा तळ पडला होता. पाय सुजलेले असूनही मी श्रीकृष्णाच्या मंदिराकडं गेले. महानुभावांना फलटण म्हणजे दक्षिण काशी. त्यांच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी, चक्रपाणी इथले. काळ्या वस्त्रांतल्या दोन महानुभाव साध्वींनी मला पाणी दिलं आणि कपाळावरचा बुक्का बघून हसल्या. त्यांच्या पंथात विठ्ठलाची पूजा बसत नाही. मी 'रामकृष्णहरी' म्हटलं, त्या 'दंडवत प्रणाम' म्हणाल्या, आणि वाद मिटला. त्याच गावात जैनांची मंदिरं आहेत, व्यापारी जैन घरांनी वारकऱ्यांना केळी वाटली. पुढं नातेपुत्यालाही तेच.

बरडच्या पुढं उजवीकडं शंभू महादेवाचे डोंगर दिसत राहतात. शिखर शिंगणापूर तिकडंच. या डोंगरांच्या अलीकडचं पाणी नीरेला, पलीकडचं माणगंगेला. आक्कांची वाडी पलीकडं. त्या थांबल्या, डोंगराकडं बघून हात जोडले, आणि मग डावीकडं बघितलं. डावीकडं कालवा. कालव्याच्या खाली आडसाली उसाची लावण चाललेली, सरीतनं पाणी फिरतंय, बायका कांड्या दाबतायत. कालव्याच्या वर, हाकेच्या अंतरावर, बाजरी उगवून पावसाची वाट बघत पिवळी पडलेली. मधे फक्त एक पाट. वर्गात मी याला सिंचित आणि असिंचित क्षेत्र म्हणायचे. आक्का म्हणाल्या, "इकडच्या घरात सून यायला राजी, तिकडच्या घरात न्हाई."

कालव्याखाली सगळं गोड आहे असंही नाही. काही रानं पांढरी पडली होती, मीठ फुटल्यासारखी. पाणी जास्त झालं, निचरा नाही, जमीन चोपण, म्हणजे खारवून नापीक झाली. कालवा आल्यापासून हे दुखणं आहे आणि अजून पुरतं गेलेलं नाही.

सदाशिवनगरचं गोल रिंगण करून माळशिरसला आलो. रात्री ज्या शेतकऱ्याच्या वस्तीवर उतरलो, ते आजोबा माळी. मी सासवडच्या बागांचं बोलायला लागले, तर म्हणाले, "आमचं मूळ सासवडच की, बाई." कालव्याला पाणी आलं तेव्हा सासवडचे माळी जमिनी खंडानं घेत घेत या तीराला उतरले. ऊस आणि गुळाचं तंत्र त्यांना येत होतं, स्थानिकांना इतक्या पाण्याची सवय नव्हती. १९३२ साली त्यांनी स्वतःची साखर कंपनी काढली, तिच्याभोवती वसलं ते माळीनगर. सरकार नाही, शेटजी नाही, शेतकऱ्यांचे भाग. त्याच दशकात समोरच्या तीराला वालचंदनगर उभं राहिलं, या तीराला साखरवाडी. आजोबा सांगत होते, "आमचे पणजोबा बैलगाडीनं आले, याच वाटेनं, पालखीच्या मागनं." पालखीच्या मागनंच आले की नाही देव जाणे, पण सांगताना आजोबांचा आवाज असा होता, की मी काही खोदून विचारलं नाही.

वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ, आणि गावाच्या अलीकडं धावा. उतारावरून सगळे पळत सुटतात, सत्तरीचेसुद्धा. इथून पुढं नीरा डावीकडं लांब जाते, नरसिंहपूरला भीमेत मिसळते, आणि मग चंद्रभागा होऊन पंढरपुरात आपल्या आधीच हजर असते. वीर धरणातून जोरात पाणी सोडलं की वाळवंटातल्या राहुट्या हलवाव्या लागतात.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तुकोबांची पालखी नीरेच्या डाव्या अंगानं येते, बारामती, इंदापूर, सराटी, आणि अकलूजला येताना नदी ओलांडते. आमच्या राहुटीशेजारी इंदापूर तालुक्यातली दिंडी होती. तिथल्या एका बाईंनी काटेवाडीचं वर्णन केलं: परीट मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. आमच्या फलटणच्या काकू ऐकत होत्या. मग विषय कुठून वळला कळलं नाही, पण दहा मिनिटांत दोघी नीरा देवघरच्या पाण्यावर आल्या. २०१९ साली ते पाणी डाव्या कालव्याचं की उजव्याचं यावरून जे वाजलं होतं, ते पुन्हा वाजलं. "तुमच्याकडं आवर्तन किती दिसांनी?" "आमच्या शेवटच्या माणसाला मिळतंय का ते आधी बघा." तुळशीच्या माळा दोघींच्याही गळ्यात.

आक्का भेगा पडलेल्या टाचांना तेल चोळत होत्या. उरमोडी धरणाचं पाणी उचलून माणमधे आणलंय, त्यांच्या वाडीपर्यंत अजून आलेलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं ठरलं की सांगा बाई. आमास्नी डावा काय आन् उजवा काय." दोघी गप्प झाल्या, मग इंदापूरच्या बाई हसल्या आणि आक्कांच्या हातातली तेलाची वाटी घेऊन त्यांनी दुसरा पाय स्वतःच्या मांडीवर ओढला.