भारी कोच कोण, ते

अमेरिकेतल्या ओहायोत, आमच्या कोलंबसच्या मराठी मंडळाची दिवाळी फुटबॉलच्या ऐन हंगामात येते. फराळाची प्लेट हातात पडली की कुणीतरी विचारतंच, "मंदार, तू इतकी वर्षं हे बघतोयस, बिग टेनमध्ये सगळ्यात भारी कोच कोण रे?" मी "कशावर मोजायचं त्यावर आहे" असं पुटपुटतो आणि चकली तोंडात टाकतो. उत्तर पळपुटं आहे, मान्य. तर आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी नवख्यांसाठी. हा अमेरिकन फुटबॉल, तोही कॉलेजांचा. बिग टेन ही १८९६ पासूनची कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. नावात दहा असले तरी २०२४ पासून संघ अठरा आहेत. प्रत्येक संघ कॉन्फरन्समधल्या नऊच जणांशी खेळतो, म्हणजे उरलेल्या आठांची त्या वर्षी गाठच पडत नाही. त्यामुळे नुसता गुणतक्ता बघून कोचांची तुलना करणं म्हणजे वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एकत्र लावण्यासारखं आहे.

माझं मोजमाप साधं आहे. कोच आला तेव्हा घरात काय होतं, आणि त्याच्या जागी बरा-मध्यम माणूस असता तर काय झालं असतं?

आता गावच्या माणसापासून सुरुवात करतो. रायन डे २०१९ मध्ये ओहायो स्टेटचा, म्हणजे इथल्या आमच्या विद्यापीठाचा, मुख्य कोच झाला तेव्हा घर भरलेलं होतं. लाखभर माणसांचं स्टेडियम, पैसा, देशभरातून येणारी पोरं. आयत्या बिळावर नागोबा, असं मीही म्हणालोय. इथे एकच अट असते: शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाला हरवायचं. त्या आठवड्यात विद्यापीठात दिसेल त्या एम अक्षरावर लाल टेप मारतात. माझ्या खोलीबाहेरच्या पाटीवरही मारतात, कारण मंदारची सुरुवातच एमने होते. दर नोव्हेंबरात मी आठवडाभर 'अंदार' असतो.

३० नोव्हेंबर २०२४. मिशिगनचा संघ त्या वर्षी यथातथाच होता, सहा विजय आणि पाच पराभव. आमचा वीसेक गुणांनी जिंकेल असा सट्टेवाल्यांचा हिशेब. शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही आठ-दहा जण. बायकोने बटाटेवड्यांचा डबा दिलेला. शेवटची ४५ सेकंदं उरली असताना मिशिगनने फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून पाठवून तीन गुण) मारला आणि १३-१० ने जिंकले. सलग चौथ्यांदा! वड्यांना शेवटचा तासभर कुणी हात लावला नव्हता. डबा तसाच घरी आणला. वाटेत मी बायकोला सांगितलं, या माणसाला आता घालवला पाहिजे.

एक्कावन्न दिवसांनी, २० जानेवारीला, त्याच माणसाने नॉत्रदाम विद्यापीठाला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. शेजारी नवी कोरी टोपी घालून बर्फ काढत होता. "डेला घालवायचं होतं ना?" म्हटलं, तर म्हणे, "मी कधी म्हणालो?"

पण नशीबही बघा. बाद फेरीत बारा संघ घ्यायची पद्धत त्याच वर्षी सुरू झाली. आधी चारच जायचे, आणि त्या चारांत दोन पराभव असलेला संघ कधीच गेला नव्हता. आमचे दोन होते. पद्धत एक वर्ष उशिरा बदलली असती तर डे कदाचित दुसरीकडे नोकरी शोधत असता. एवढ्या पातळ धाग्यावर ज्याचं मूल्यमापन लटकतं, त्याला नंबर कसा द्यायचा? मला जमत नाही.

इंडियाना विद्यापीठाच्या कर्ट सिग्नेटीचं मात्र सोपं आहे. इंडियाना हे बास्केटबॉलचं राज्य. तिथला फुटबॉल म्हणजे ओसाड गावची पाटीलकी, पराभवांच्या संख्येत देशात पहिल्या काहींत. कॉन्फरन्सचं शेवटचं जेतेपद १९६७ चं, तेही वाटून घेतलेलं. २०२३ मध्ये ३-९, म्हणजे तीन विजय, नऊ पराभव. तिथे हे बासष्ट वर्षांचे गृहस्थ आले. पूर्वी अलाबामा विद्यापीठात तिथले नावाजलेले मुख्य कोच निक सेबन यांचे सहायक होते. ती नोकरी सोडून २०११ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात मुख्य कोच झाले, जिथे पूर्वी त्यांचे वडील कोच होते. तेव्हा वय पन्नाशीला टेकलेलं. मग एलॉन, मग जेम्स मॅडिसन, ही आणखी दोन विद्यापीठं. इंडियानात आल्यावर म्हणाले, "मी जिंकतो. गुगल करून बघा." आम्ही हसलो. जेम्स मॅडिसनचे डझनभराहून जास्त खेळाडू त्यांनी सोबत आणले, कारण आता खेळाडूला कॉलेज बदलून लगेच खेळता येतं. पहिल्या वर्षी अकरा विजय. दुसऱ्या वर्षी कॉन्फरन्सची फायनल आमच्याशी, आणि निकाल पुन्हा १३-१०, पुन्हा आमच्या विरुद्ध. जानेवारी २०२६ मध्ये मायामी विद्यापीठाला हरवून एकही सामना न गमावता देशात पहिले. इथे बरा-मध्यम माणूस असता तर पाच-सहा विजयांवर पेढे वाटले असते. तेव्हा भारी कोच सिग्नेटी, बस. मनाला लागतं, पण आहे ते आहे.

मिनेसोटाचा पी. जे. फ्लेक 'होडी वल्हवा' म्हणत गुणी पोरांना जमवतो, ठीक. यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) लिंकन रायलीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

आयोवाचे कर्क फेरेन्ट्झ मात्र सोडवत नाहीत. १९९९ पासून तिथेच. पहिलं वर्ष १-१०. आजच्या काळात दुसरं मिळालं असतं का, शंकाच आहे. त्यांचा खेळ बघायला संयम लागतो. २०२२ मध्ये एक सामना एकही टचडाउन (चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्टीत, नेणं) न करता ७-३ ने जिंकले: एक फील्ड गोल, आणि समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये दोनदा पाडून चार गुण. तेव्हा आक्रमणाचा कोच कोण, तर चिरंजीव. घराणेशाहीची सवय आपल्याला आहे, पण चिरंजीवांच्या करारात सामन्याला सरासरी २५ गुण काढायची अट घालावी लागली, हे नवीन.

सप्टेंबर २०२५ मध्ये फेरेन्ट्झ यांचे २०६ विजय झाले आणि बिग टेनच्या कोचांत ते पहिले आले. दुसरे झाले ओहायो स्टेटचे वुडी हेज, २०५ वाले. आमच्या विभागातले एक निवृत्त प्राध्यापक वुडींच्या काळात इथेच शिकले. त्या सोमवारी कॅफेटेरियात त्यांनी टिश्यू पेपरवर मला हिशेब मांडून दाखवला: तेव्हा वर्षाला सामने साधारण नऊ ते अकरा, आता बारा-तेरा. वुडींच्या नावावर राष्ट्रीय जेतेपदं, यांच्या नावावर शून्य. हिशेब बिनचूक होता. मी फक्त एवढंच म्हटलं, की वुडींना आयोवा मिळालं नव्हतं. त्यांनी टिश्यूची घडी घातली, खिशात ठेवली आणि कॉफी अर्धी टाकून उठले. तेव्हापासून आम्ही हवापाण्यावर बोलतो.