अकरावी नोंद

गुरुवार होता. कोर्ट आटोपून चेंबरवर आले, तर बाकावर दोघी जावा बसलेल्या. थोरली बोलत होती. धाकटी पदराच्या टोकाची गाठ सोडत होती, पुन्हा मारत होती. गाठीत अंगाऱ्याची पुडी. ज्याच्याविरुद्ध ती बोलायला आली होती, त्याच महाराजाने दिलेली.

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून ती दीड वर्ष मठात जात होती. पोलीस ठाण्यात तिला विचारलं गेलं, "सज्ञान आहात, स्वतःहून जात होतात, मग जबरदस्ती कसली?" मला जास्त लागलं ते हे, की तिलाही ते पटलं होतं. "मॅडम, मीच गेले ना. कडीसुद्धा मीच लावली."

काय सांगून बोलवायचा, असं मी विचारलं. बराच वेळ ती गप्प. मग जावेला बाहेर पाठवलं. "मागच्या जन्मी मी त्यांची बायको होते. बाहेर बोललीस तर नवरा दगावेल, म्हणाले."

मी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काढला. वर्षानुवर्षं रखडलेला, २० ऑगस्टला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे आठवडाभरात वटहुकूम निघाला. अनुसूचीतली अकरावी नोंद तिला सावकाश वाचून दाखवली: अंगात विशेष शक्ती असल्याचं भासवून, किंवा भक्त मागच्या जन्मी आपली पत्नी, पती वा प्रेयसी होती असं सांगून शरीरसंबंध ठेवणं. अजामीनपात्र गुन्हा, ७ वर्षांपर्यंत कैद.

"परत वाचा."

वाचलं. मग तिने पुस्तक ओढून घेतलं, ओळीखाली बोट धरून स्वतः वाचलं. "हे तर त्यांचंच बोलणं. तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे हे आधीही बायकांना सांगितलेलं आहे."

रात्री पुन्हा ठाण्यात गेलो. वाटेत तिला न्याय संहितेचं कलम ६४ समजावलं: विश्वासाच्या वा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने बलात्कार केला तर किमान १० वर्षं, आणि अशा खटल्यात साक्ष्य अधिनियमाप्रमाणे, संबंध सिद्ध झाल्यावर तिने कोर्टात 'माझी संमती नव्हती' म्हटलं, तर कोर्ट तसंच गृहीत धरतं. आरोपीने उलट सिद्ध करायचं.

महिला फौजदारांनी 'संबंध जुळले' असं टाइप केलं.

"जुळले नाहीत," ती म्हणाली. "ते खोडा."

मग मागच्या जन्माचं वाक्य तिने शब्दन्‌शब्द सांगितलं, प्रिंट वाचून काढली आणि सही केली.